बोटांचा शिरस्ता

उदगीरच्या तहसील कचेरीच्या आसपास सकाळी दहानंतर जी वर्दळ सुरू होते तीत सातबाऱ्याची नक्कल मागणारे, वारसनोंदीचा अर्ज लिहवून घेणारे, शपथपत्रासाठी मुद्रांकाचा कागद हातात धरून उभे असलेले आणि आलेल्या माणसाचे काम त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखणारे दस्तलेखक असे नाना प्रकारचे लोक असतात. परंतु या साऱ्यांची गाऱ्हाणी अखेर ज्यांच्या हातून कागदावर उतरतात, ती संगणकापुढे बसलेली तरुण मुले मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाहीत. गेल्या महिन्यात अशाच एका दुकानात माझे काम होईपर्यंत बाकावर बसलो असता एका मुलाचे टंकलेखन मी बराच वेळ पाहत होतो. त्याची नजर डावीकडे टेकवून ठेवलेल्या हस्तलिखित अर्जावर खिळलेली होती, मान एकदाही कळफलकाकडे वळत नव्हती, आणि शब्दामागून शब्द इतक्या समगतीने उमटत होता की मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा या मुलाने केव्हाच दिलेली असावी, हे ओळखायला त्याचे प्रमाणपत्र पाहण्याची गरज नव्हती. अर्ज संपला. आता त्याच कुटुंबाचा गेल्या वर्षीचा अर्ज उघडून त्यातला गट क्रमांक पडताळायचा होता, आणि इतका वेळ निःशंकपणे चाललेला तो हात येथे एकाएकी अडखळला. आतल्या फोल्डरातून वरच्या फोल्डरात जाण्यासाठी त्याने सवयीची कळ दाबली, तर पडद्यावर भलतेच काही उघडले. पुन्हा दाबली, तर त्याहून भलते. “मामा, बोट बरोबरच पडलालंय, पण हे येगळंच करलालंय,” असे मला म्हणून त्याने माउस ओढला आणि एकेक फोल्डर उघडून, बंद करून, ती फाइल शोधण्यास आरंभ केला. अर्ज टंकण्यास सहा मिनिटे लागली होती. फाइल सापडण्यास अकरा लागली.

बोट बरोबर पडले आणि तरी काम चुकले, या त्याच्या तक्रारीत दोष बोटाचा नाही हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि मलाही त्याचे म्हणणे तंतोतंत खरे वाटते. जुन्या कारभारात ‘शिरस्ता’ नावाचा एक शब्द होता. कोणता कागद कोणाकडे आधी जावा, त्यावर कोणता शेरा कोठे पडावा, बारनिशीत त्याची नोंद कशी व्हावी, हे सारे एकदा ठरले म्हणजे तो शिरस्ता. आणि तो सांभाळण्यासाठी कचेरीत शिरस्तेदार नावाचा स्वतंत्र अंमलदार असे. शिरस्त्याचे मोल तो उत्तम असण्यात जेवढे, त्याहून कितीतरी अधिक तो सर्वत्र तोच असण्यात असते. कारण मनुष्य एखादी गोष्ट वारंवार एकाच रीतीने करू लागला म्हणजे ती बुद्धीच्या ताब्यातून निघून हाताच्या ताब्यात जाते, आणि बुद्धी त्या क्षणापासून अधिक योग्य अशा कामासाठी मोकळी होते. संगणकाच्या कळफलकावर लिहिण्याचा शिरस्ता आपण पुष्कळसा निर्माण केला आहे. लिहिलेले ठेवण्याचा, शोधण्याचा, एका फायलीतून दुसऱ्या फायलीत जाण्याचा शिरस्ता मात्र आपल्याकडे नाही, आणि त्याची किंमत रोज मोजली जात आहे.

दफ्तर लावण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची जी पद्धत आहे, तीत लिपिकाच्या हाती असलेले सर्व कागद रोजच्या बैठकीचा गठ्ठा, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेखकक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची ‘ड’ वर्गाची प्रकरणे अशा सहा भागांत बांधले जातात. एखादा लिपिक बदलून गेला, आजारी पडला, निवृत्त झाला, तरी त्याच्या खुर्चीवर येणाऱ्याने कोणता गठ्ठा सोडला असता काय मिळेल हे कुणालाही न विचारता सांगता यावे, ही त्यामागची दृष्टी. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची आणि तेथील अभिलेखांची जी पुनर्रचना केली, तिचा लौकिक राज्याबाहेरही गेला तो याच कारणाने: सामान्य माणसाचा कागद कोठे आहे हे एखाद्या विशिष्ट कारकुनाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहू नये.

आमच्या भागाला तर हे अधिकच जाणवावे. उदगीर तालुका १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. निजामी राजवटीतील महसुली दफ्तर उर्दूत, काही जुने कागद मोडीत, आणि आजचा कारभार देवनागरीत, अशा तीन लिपी येथल्या जमिनीच्या कागदांनी पाहिल्या आहेत. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी धुंडाळण्यास आरंभ झाला, तेव्हा घरोघरच्या लोकांना खासरा पाहणी पत्रक हे शब्द प्रथमच ठाऊक झाले. माझ्या गावची अशी काही जुनी पत्रके मी स्वतः गेली दोन वर्षे सायंकाळी देवनागरीत उतरवून घेत आहे. उर्दू अक्षर लागत नाही तेथे जाणकाराला विचारावे लागते. पण रकाना कोणता, हे विचारावे लागत नाही. सर्वे नंबराचा रकाना पानोपान त्याच जागी आहे, कब्जेदाराचा त्याच जागी आहे. ज्यांनी ते नमुने आखले त्यांनी सत्तर वर्षांनंतरच्या वाचकाची सोय केली.

आता याच कामासाठी मी जो साधा एडिटर वापरतो, तेथपर्यंत येऊ. मजकूर लिहिण्याचे असे एडिटर अनेक आहेत, आणि बहुतेकांत लिहिण्याच्या जागेशेजारी फायलींची यादी दिसते. त्या यादीतून वर-खाली जायचे, फोल्डरात शिरायचे, बाहेर यायचे, नाव बदलायचे, नको ते काढून टाकायचे, एवढीच पाच-सहा कामे. आणि या पाच-सहा कामांची अवस्था कशी आहे ते पाहावे. वरच्या फोल्डरात जाण्यासाठी विंडोज एक्सपीपर्यंत बॅकस्पेसची कळ होती. व्हिस्टापासून तीच कळ ‘यापूर्वी जेथे होतो तेथे’ नेऊ लागली आणि वर जाण्यासाठी आल्ट धरून वरचा बाण दाबणे आले. व्हिम या एडिटरात त्याच कामाला उणे चिन्ह आहे, एमॅक्स या दुसऱ्या एडिटरात टोपीचे चिन्ह (^). एकटे ‘डी’ हे अक्षर एमॅक्सच्या यादीत फायलीवर ‘काढून टाकावयाची’ अशी खूण करते आणि व्हिमच्या यादीत नवा फोल्डर तयार करते: एका घरी जे पाडणे, ते दुसऱ्या घरी बांधणे. कंट्रोलसह ‘पी’ दाबले असता वर्डमध्ये छपाईची खिडकी येते, व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरात फाइल शोधण्याची चौकट येते, आणि एमॅक्समध्ये आपण एक ओळ वर जातो. या तिन्ही योजना आपापल्या जागी विचारपूर्वक केलेल्या आहेत. पण तिन्ही यंत्रांपुढे बसणारा हात एकच असतो, आणि सकाळी एका दुकानात व सायंकाळी दुसऱ्या दुकानात काम करणाऱ्या आमच्या मुलांना त्या विचारांचा इतिहास कुणी सांगितलेला नसतो.

इतिहास मोठा मनोरम आहे, हे मी मान्य करतो. बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे एडीएम-३ए नावाचे जे यंत्र होते त्यावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे बाण छापलेले होते. त्या चार अक्षरांनी हिंडण्याची रीत आज जगभर आदराने पाळली जाते, आणि ज्यांच्या बोटांत ती मुरली आहे त्यांचा वेग पाहून मन थक्क होते. बोटे मधल्या ओळीवरून हलतच नाहीत! ज्यांनी ती रीत आत्मसात केली त्यांनी ती सोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु ती रोमन लिपीत लिहिणाऱ्याने रोमन लिपीत लिहिणाऱ्यासाठी केलेली सोय आहे. मराठीत लिहिणाऱ्याला ती जशीच्या तशी घेता येत नाही, आणि माझ्या मताने या सर्व प्रश्नाचा गाभा येथेच आहे.

कळफलक मराठीवर आहे असे समजा. इनस्क्रिप्ट या रचनेत त्या चार कळांवर अनुक्रमे प, र, क आणि त ही अक्षरे आहेत. यादीत एक ओळ खाली जाण्यासाठी मी ‘जे’ची कळ दाबतो, आणि संगणकाला ‘र’ ऐकू येतो. वर जाण्यासाठी ‘के’ दाबतो, त्याला ‘क’ ऐकू येतो. या अक्षरांना तेथे काही अर्थच नसल्याने यादी जागची हलत नाही. ‘डी’च्या कळेवर तर पाय मोडण्याचे चिन्ह आहे, स्वतंत्र अक्षरसुद्धा नाही. एमॅक्सचे ते टोपीचे चिन्ह शिफ्ट धरून सहाच्या आकड्यावर मिळते. इनस्क्रिप्टमध्ये त्याच जागी ‘त्र’ आहे. म्हणजे वर जाण्याचा मार्गच लिपीबरोबर लुप्त झाला. मग प्रत्येक वेळी आधी भाषा बदला, आज्ञा द्या, पुन्हा भाषा बदला, असा फेरा सुरू होतो. आणि त्या फेऱ्यात आपण या क्षणी कोणत्या लिपीत आहोत हे ध्यानात ठेवण्याचा भार सतत डोक्यावर राहतो. लॅरी टेस्लर यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधनशाळेत मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची आजची पद्धत घडवली, आणि एकाच कळेचा अर्थ अवस्थेप्रमाणे पालटू नये, या आग्रहासाठी आयुष्यभर झगडा केला. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो झगडा एखाद्या प्रोग्रॅमपुरता होता. मराठीत लिहिणारा मनुष्य कळफलकाला हात लावल्या क्षणापासून अशा दोन अवस्थांत उभा असतो.

याहून मोठा धोका उलट बाजूला आहे, आणि तो मी अनुभवला आहे. लिप्यंतर करणाऱ्याची, किंबहुना टंकलेखनाची रीतसर तालीम झालेल्या प्रत्येकाची नजर मूळ कागदावर असते. ती पडद्यावर असू नये हेच तर त्याला शिकवलेले असते. एका सायंकाळी पत्रकावर डोळे ठेवून मी एका पानाचा इंग्रजी तपशील टंकत गेलो. ओळ संपल्यावर मान वर केली, तेव्हा ध्यानात आले की पडद्यावरची निशाणी (कर्सर) लिहिण्याच्या जागेत नव्हतीच, शेजारच्या फायलींच्या यादीत होती. आणि त्या एडिटरात सुटी अक्षरे म्हणजे आज्ञा असल्यामुळे माझ्या ओळीतील प्रत्येक अक्षर एकेक हुकूम होऊन बजावले गेले होते. दोन फायलींची नावे बदलली होती. तिसरी, जीत आदल्या दिवशीची चार पाने होती, ती नाहीशी झाली होती. चार पाने पुन्हा उतरवता येतात. मी ती उतरवली. पण एखाद्या विधवा बाईच्या वारसनोंदीचा कागद असा गेला असता तर तिला पुन्हा तालुक्याला यावे लागले असते, एक दिवसाची मजुरी बुडवून.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. फायली चाळण्यासाठी जी कळयोजना ठरवायची, तीत सुट्या अक्षराला आज्ञेचा अधिकार देऊ नये. अक्षर हे लिहिण्यासाठी आहे. यादीत ते दाबले तर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या फायलीपर्यंत निशाणी जावी, एवढेच त्याचे काम असावे. आणि मराठी ‘व’ दाबला असता ‘वारसनोंद’ नावाच्या फायलीपर्यंत ती जावी, कारण आमच्या फायलींची नावे आता मराठीत असतात आणि असावीत. हालचालीसाठी बाण, उघडण्यासाठी एंटर, माघार घेण्यासाठी एस्केप, आणि कामांसाठी वरच्या ओळीतील एफ-१ ते एफ-१२ या कळा पुरेशा आहेत. या कळांना लिपी नाही. कळफलक मराठीवर असो, इंग्रजीवर असो, उदगीरच्या बाजारात लग्नपत्रिका करणारी मुले उर्दूत टंकतात तेव्हा उर्दूवर असो, एफ-२ ही एफ-२च राहते.

ही कल्पना माझी नव्हे, आणि ती व्यवहारात टिकते याचा पुरावा जुना आहे. १९८६मध्ये नॉर्टन कमांडर नावाचा फायली हाताळण्याचा प्रोग्रॅम आला. त्यात एफ-३ने फाइल पाहायची, एफ-४ने संपादायची, एफ-५ने नक्कल करायची, एफ-६ने हलवायची, एफ-७ने नवा फोल्डर करायचा आणि एफ-८ने काढून टाकायचे, असा क्रम होता. तो प्रोग्रॅम कधीच काळाच्या पडद्याआड गेला. परंतु मिडनाइट कमांडर, टोटल कमांडर असे त्याचे जे वंशज आज वापरात आहेत त्यांनी तो क्रम जसाच्या तसा राखला, आणि १९९०च्या दशकात जो तो शिकला त्याचा हात आजही कोठेच अडत नाही. आयबीएमनेही १९८७मध्ये सर्व प्रोग्रॅमांसाठी समान कळांचा एक संकेत प्रसिद्ध केला होता. मदतीसाठी एफ-१ आणि खिडकी बंद करण्यासाठी आल्टसह एफ-४ ही आज अंगवळणी पडलेली योजना त्यातलीच. विंडोजमध्ये एफ-५ म्हणजे यादी ताजी करणे, आणि तेथे नॉर्टनच्या परंपरेशी विरोध येतो, हे खरे आहे. अशा ठिकाणी मी विंडोजच्या बाजूने कौल देईन. आमच्याकडची बहुसंख्य मुले प्रथम तेच पाहतात, आणि नाव बदलण्यासाठी एफ-२ ही तिथली कळ तर अनेक एडिटरांनीही स्वीकारली आहे.

एकसूत्रीपणाचा लाभ केवढा असतो हे पाहायला मराठी माणसाला परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. इनस्क्रिप्ट ही रचनाच त्याचे उदाहरण आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये ती प्रथम सिद्ध केली, आणि १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली. तीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आणि ज्या कळेवर मराठीचा ‘क’ आहे त्याच कळेवर कानडीचा, तेलुगूचा, बंगालीचा ‘क’ आहे. उदगीरचा टंकलेखक उद्या पलीकडच्या बीदरात जाऊन कानडी अर्ज टंकू लागला, तर त्याला अक्षरे नव्याने ओळखावी लागतील, पण बोटे नव्याने वळवावी लागणार नाहीत. तरीही टंकयंत्राच्या रचनेवर शिकलेले आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबण्याची सवय झालेले, उच्चारानुसार रोमन अक्षरांत टंकणारे, आणि इनस्क्रिप्टवाले, असे तीन पंथ आपल्या तालुक्यात अद्याप नांदतात. जुन्या पिढीला मी दोष देत नाही. ज्या यंत्रावर पोट भरले त्याची ओढ सुटत नाही. पण नव्याने शिकणाऱ्या मुलाला कोणता मार्ग दाखवायचा याबद्दल आता संदिग्धता राहू नये.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की पुष्कळ एडिटरांत कळा आपल्या आवडीप्रमाणे बदलून घेण्याची मुभा असते, मग तक्रार कशासाठी? मुभा असते हे खरे. पण ती मुभा त्या एका यंत्रापुरती, आणि ज्याच्या मालकीचे यंत्र आहे त्यालाच. दुकानातील संगणक मालकाचा, केंद्रातील संगणक केंद्रचालकाचा, परीक्षेतील संगणक परीक्षा घेणाऱ्यांचा. आमच्या मुलांचे स्वतःचे म्हणून जे काही आहे ती त्यांची दहा बोटे. शिरस्ता यंत्राच्या मूळ घडणीतच असला पाहिजे तो याकरिता. आणि टंकलेखनाचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की वेगाच्या सरावातून रोज दहा मिनिटे काढून फायली चाळण्याची ही पाच-सहा कामे मुलांकडून कळफलक न पाहता करून घ्यावीत. पहिल्या दिवशी फळ्यावर फक्त दोन ओळी लिहाव्यात: वरच्या फोल्डरात जाण्यासाठी आल्ट आणि वरचा बाण, नाव बदलण्यासाठी एफ-२.

एडिटर घडवणाऱ्यांकडे मागणी मात्र वेगळी आहे. कळा कधीच बदलू नयेत असे कोणी म्हणणार नाही. जमिनीचे मालकसुद्धा बदलतात. परंतु जुन्या सातबाऱ्यावर नवे नाव चढे तेव्हा जुने नाव पुसून टाकले जात नसे, त्याला कंस केला जाई आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहिला जाई, म्हणून पन्नास वर्षांनी येणाऱ्या नातवालाही आपला आजा कोठे होता हे कळते. बॅकस्पेसला ज्या दिवशी वर जाण्याच्या कामावरून दूर केले, त्या दिवशी असा कंस कोणी केला नाही. लाखो हातांना एका सकाळी कळले की दार हलवले आहे. एखाद्या कळेचे काम बदलायचे असेल तर जुनी कळ काही वर्षे तशीच चालू ठेवावी, ती दाबल्यावर काम तर करावेच, आणि पडद्याच्या तळाशी, मराठीत, एक ओळ दाखवावी: ‘हे काम यापुढे आल्ट आणि वरचा बाण यांवर नोंदले आहे.’